साल तिकडचा, ऐन आपला

मृग लागायला पंधरा-वीस दिवस राहिले. राब भाजून झाले. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांवर चिकू काढायला जाणारी माणसं सोडली तर बाकीच्यांना आता एकच मजुरी दिसते, ती म्हणजे डोंगरावर खड्डे खणायची.

आमच्या पाड्यावरच्या कुपात दोन वर्षांपूर्वी तोड झाली. ऐन, धावडा, हेद, कळंब सगळं ट्रकवर गेलं. मोह तेवढे सात-आठ उभे राहिले. आता त्याच जागेवर आम्हीच पहारी घेऊन गेलो आणि दोरी लावून दोन-दोन मीटरवर खड्डे मारले. काय लावणार, असं विचारलं. उत्तर आलं, सागाचे स्टंप. आणखी काय? आणखी काही नाही. आणि ऐनाच्या खुंटांना जे फुटवे आलेत ते छाटून टाका, सागाला सावली चालत नाही, असाही हुकूम झाला. एक म्हातारी बाय तिथंच बोलली, "मंग आमी काय सागाचा पाला खावा?" सगळे हसले. मुकादमही हसला. पण बायचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या अंकात आम्ही त्यावरच लिहितो आहोत.

आधी एक लांबची गोष्ट सांगतो. साल नावाचं झाड आहे. ते आपल्याकडे होत नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून बिहार, ओडिशा, बस्तरपर्यंत सालाची जंगलं आहेत. आपल्या राज्याच्या अगदी पूर्व टोकाला त्याची थोडी किनार लागते, बाकी महाराष्ट्र सागाचा आणि ऐनाचा. साल मोठं चिवट झाड. तोडलं तर खुंटातून परत फुटतं. बी पावसाच्या तोंडावर गळतं आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. तेवढ्यात ओल मिळाली तर रुजतं, नाही तर गेलं. म्हणजे साठवून, गोण्या भरून पेरायचं हे बी नाही. पण आग आणि गुरं आवरली तर सालाचं जंगल आपलं आपण वाढतं. तिथले हो, मुंडा, उरांव लोक त्याच्या पानांच्या पत्रावळी करतात, बियांचं तेल काढतात, राळ गोळा करतात, घराला लाकूड घेतात. साल फुलला की सरहुल हा त्यांचा सण येतो. देवाची राई, जिला ते सरना म्हणतात, तीही सालाचीच.

इंग्रजांना हा साल रेल्वेच्या स्लीपरांसाठी हवा होता. पुढे सरकार आपलं आलं, पण झाडाकडे बघायची नजर तीच राहिली. 1976 साली राष्ट्रीय कृषी आयोगाने सांगितलं की मिश्र जंगलातून पैसा कमी येतो, ते काढून दामाची झाडं लावा. त्यासाठी राज्याराज्यात महामंडळं निघाली. आपल्या राज्यात तर 1974 सालीच वन विकास महामंडळ झालं होतं. तेव्हाच्या बिहारच्या सिंहभूम जिल्ह्यात साल काढून साग लावायला सुरुवात झाली. सागाच्या पानाची पत्रावळ त्या लोकांच्या कामाची नाही, सागाला खायचं फळ नाही, त्याच्याखाली त्यांचा देव नाही. 1978 साली लोक उठले. त्यांनी सागाची रोपं उपटली, रोपवाटिका मोडल्या. पोलीस आले, गोळीबार झाला. 1980 च्या सप्टेंबरात गुआ गावी पुन्हा गोळी चालली आणि आदिवासी मारले गेले. एका झाडापायी माणसं मेली, असं शहरातले म्हणतील. आपण तसं म्हणणार नाही. कुणाच्या जंगलात कोणतं झाड राहणार हे कोण ठरवणार, यापायी ती माणसं मेली.

आता आपल्याकडे बघू. साल जसा त्यांचा, तसा आपला ऐन. ऐनाचा टहाळ नसेल तर राब कशाचा भाजणार? राब नसेल तर भाताचं आणि नागलीचं रोप कसं उठणार? घराच्या मेढी ऐनाच्या. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा. कुडाला कारवी, टोपल्या-करंड्यांना बांबू, पानाला पळस, उन्हाळ्यात टेंभुर्णी. फाल्गुन-चैतात मोहाची फुलं आणि पुढे मोहट्यांचं तेल. पहिल्या पावसात शेवळी उगवते, आणि तिच्यात काकडाची फळं टाकल्याशिवाय घशाची खाज जात नाही. म्हणजे एका भाजीलासुद्धा दोन जातींची झाडंझुडपं लागतात. हेक्टरी अडीच हजार साग लावले तर यातलं काय उरेल, ते ज्याने त्याने मोजावं.

सागाशी आमचं वैर नाही, हेही लिहून ठेवतो. साग या डोंगरांवर मूळचाच आहे. त्याच्या पानांनी आपण छप्पर शाकारतो, पावसात इरलं करतो. चार झाडांत पाचवा साग असावाच. पण नुसता साग असला की त्याच्याखाली गवत धड वाढत नाही, त्याचा पाला गुरं खात नाहीत. मोठ्या पानांवरून पावसाचे थेंब जाड होऊन पडतात आणि खालची माती उघडी असली तर वाहून ओहळात जाते. आणि तो तोडायला येईस्तोवर साठ-सत्तर वर्षं. तोडेल कोण? आपण नाही.

मजुरी मिळते ना, मग गप्प बसा, असं आपलेच काही भाऊ म्हणतात. त्यांना आठवण देतो. 1945 साली आपल्या म्हाताऱ्यांनी वेठ मोडली, लाल बावट्याखाली गवत आणि लाकूड तोडीच्या मजुरीसाठी संप केले, तळवाड्याला गोळ्या खाल्ल्या. 1947 पासून जंगल कामगारांच्या सोसायट्या निघाल्या, ठेकेदाराचा पाय थोडा मागे सरला. हे सगळं लढून मिळालं. पण त्या लढ्यात झाड तोडायचा दाम मिळाला, कोणतं झाड ठेवायचं ते सांगायचा हक्क मिळाला नाही. राहिलेलं काम आपलं आहे.

कायदा काय म्हणतो? 1927 च्या जंगल कायद्याचं 26 वं कलम आपल्याला चांगलं माहीत आहे, कारण टहाळ तोडला की तेच लावतात. पण त्याच कायद्यात 28 वं कलमही आहे. राखीव जंगल गावाच्या हवाली करून ते ग्रामवन करता येतं, असं त्यात लिहिलं आहे. दंडाचं कलम पाड्यापाड्यावर पोचलं, हे कलम मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. 1980 च्या जंगल विधेयकाच्या मसुद्याला देशभर विरोध झाला, तो यासाठीच. दंड वाढवायचे आणि गावाला बाहेर ठेवायचं, यातून जंगल वाचत नाही.

आता आपल्या चुका. त्या न लिहिता दुसऱ्याकडे बोट दाखवणं बरं नाही. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आपण खालचा पाला पेटवतो. आग वर चढते, त्यात मोहाची लहान रोपं जळतात. आज जे मोह उभे आहेत ते आजोबांच्या वेळचे आहेत, नवा मोह किती ठिकाणी दिसतो? टहाळ तोडताना शेंडासुद्धा उतरवतो, मग ऐन खुरटतो. रात्रीचा खैर तोडून कातवाल्याला देणारेही आपल्यातच आहेत. दोन दिवसांच्या पैशासाठी ते वीस वर्षांचं झाड देतात. मोळी विकणाऱ्या बायांना मात्र कुणी चोर म्हणू नये. त्या पोटासाठी डोक्यावर ओझं घेऊन स्टेशनपर्यंत चालतात. पण मोळी वाळलेल्या लाकडाची असावी, हे पाड्याने बसून ठरवता येतं.

म्हणून पाऊस पडायच्या आत एवढं करायचं आहे.

प्रत्येक पाड्याने बैठक घ्यावी, तिला बाया आल्याच पाहिजेत, कारण कंद, भाजी, फुलं कुठे आहेत ते त्यांना जास्त ठाऊक. आपल्या कुपात कोणती झाडं होती, कोणती उरली, कोणती हवीत याची यादी करावी. ऐन, मोह, खैर, काकड, बांबू, आणि सागही, अशी मिश्र लागवड मागणारा अर्ज रेंज ऑफिसात द्यावा, नक्कल ठेवून पोच घ्यावी. अर्जात 28 व्या कलमाचा उल्लेख करावा. ऐनाचे जिवंत फुटवे छाटायचं काम कुणी अंगावर घेऊ नये. खड्डे खणायची मजुरी जरूर घ्यावी, पुरी घ्यावी, पण फुटव्याला कोयता लावू नये. खुंटाला चार-पाच फुटवे असतील तर दोन जोमदार ठेवून बाकीचे राबाला घ्यावेत. मुळं जुनी आहेत, झाड लवकर उठेल. मोहाखाली आग लावणं यंदापासून बंद. टहाळ घेताना शेंडा सोडावा.

सिंहभूमच्या लोकांनी रोपं उपटली, कारण त्यांना कुणी आधी विचारलं नाही. आपल्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आपण आधीच सांगतो आहोत. स्टंप अजून खड्ड्यात पडलेले नाहीत.

ज्याला वाचता येतं त्याने हा अंक पाड्यावर वाचून दाखवावा. याद्या आणि अर्जाच्या नकला पुढच्या बैठकीला आणाव्यात.