विश्लेषण : फुटबॉल लीगच दाखवणार सामने… पण जोखीम कुणाची?

सामना कोणत्या वाहिनीवर आहे, असे पूर्वी विचारले जाई. आता कोणत्या ॲपवर, हे विचारावे लागते. फ्रान्सच्या लीगने तर वाहिन्यांना बाजूला सारून स्वतःचीच सेवा सुरू केली. भारतात आयएसएलचे गणित विस्कटल्यावर हाच मार्ग आपल्याकडेही सुचवला जातो. त्यात ताडकळसच्या प्रेक्षकाला काय मिळेल आणि कोल्हापूरच्या तालमींनी काय शिकावे, हे पाहायला हवे.

फ्रान्समध्ये काय झाले?

हा हौसेचा प्रयोग नव्हता, नाइलाज होता. ‘मीडियाप्रो’ या कंपनीने वर्षाला सुमारे 80 कोटी युरो देण्याचे कबूल करून फ्रेंच लीगचे हक्क घेतले आणि 2020 मध्ये काही महिन्यांतच हप्ते थकवले. पुढे 2024 मध्ये ‘डॅझन’शी पाच वर्षांचा करार झाला, तो एका हंगामातच मोडला. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये लीगने ‘लीग 1 प्लस’ सुरू केले. महिन्याला सुमारे 15 युरो आणि प्रत्येक फेरीतील नऊपैकी आठ सामने, असा तो सौदा. काही आठवड्यांतच वर्गणीदारांनी दहा लाखांचा टप्पा गाठला.

आकडा मोठा वाटतो. पण जुन्या व्यवस्थेत सामना कुणी पाहो न पाहो, ठरलेली रक्कम क्लबांच्या खात्यात येत असे. ग्राहक कमी पडले तर तोटा वाहिनीचा. आता तोच तोटा क्लबांच्या अंगावर येतो. शेतमाल व्यापाऱ्याला एकठोक विकायचा की स्वतः बाजारात बसून किलोकिलोने, असाच हा प्रश्न आहे. स्वतः विकले तर दोन पैसे जास्त मिळू शकतात, पण न खपलेला माल आपल्याच गळ्यात.

भारतातील अडचण वेगळी कशी?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना व्यावसायिक हक्क दिले होते. त्यातूनच 2014 मध्ये आयएसएल उभी राहिली. तो करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपला. त्याआधी महासंघाने नवी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. हंगाम लांबत गेला आणि 14 फेब्रुवारी 2026 रोजी आखूड स्वरूपात सुरू झाला. सामने मोबाइलवर दाखवण्याचे काम ‘फॅनकोड’कडे गेले. दरम्यान, मुंबई सिटी एफसीमधून मँचेस्टर सिटीची मालकी असलेला समूह बाहेर पडला. पुण्याने तर आपला आयएसएल क्लब 2019 मध्येच गमावला आहे.

आयएसएलने स्वतःचे ॲप काढावे, ही सूचना ऐकायला सोपी आहे. पण फ्रान्समध्ये वर्गणी भरणारा प्रेक्षक आधीपासून होता. आपल्याकडे ‘जिओसिनेमा’ने 2022 चा विश्वचषक फुकट दाखवला, पाठोपाठ आयएसएलही. फुकटाची ही सवय प्रेक्षकांनी लावून घेतली नाही, ती कंपन्यांनीच ग्राहक जोडण्यासाठी लावली. आता त्याच प्रेक्षकाकडे सामन्यागणिक पैसे मागायचे, हे अवघड आहे.

फुकट दाखवण्याचा अनुभवही महासंघाला आहे. आय-लीग आणि महिलांच्या इंडियन विमेन्स लीगचे सामने महासंघाच्या यूट्यूब वाहिनीवरून दाखवले गेले आहेत. चित्राच्या दर्जावर टीका झाली आणि ती योग्यच होती. तरीही, ज्या मुलींचे सामने एरवी कुठेच दिसले नसते ते कुणालाही पाहता आले, ही बाब कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा मोठी आहे.

मैदाने ओस पडतील का?

ही भीती जुनी आहे. बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी साठच्या दशकात दूरचित्रवाणीला कडाडून विरोध केला. त्याचा वारसा म्हणून इंग्लंडमध्ये आजही शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत सामन्यांचे थेट प्रक्षेपण होत नाही. लहान क्लबांचा गल्ला वाचावा, हा हेतू.

कोल्हापुरात ही भीती फारशी लागू पडेल असे वाटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ उतरतात तेव्हा गर्दी केवळ खेळ पाहायला येत नाही, पेठेची इभ्रत राखायला येते. ती मोबाइलवर राखता येत नाही. स्थानिक यूट्यूब वाहिन्या सामने थेट दाखवतात, त्याचा लाभ पुण्या-मुंबईत किंवा आखातात नोकरीला गेलेल्या कोल्हापूरकरांना होतो. प्रश्न उरतो तो मालकीचा. ते चित्रण कुणाचे, त्यावरच्या जाहिरातींतून तालमींच्या खेळाडूंना काय मिळते, जुने सामने जपून कोण ठेवणार? कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने हे हक्क आताच लेखी ठरवून घ्यावेत. बोली लावायला कुणी येईल याची वाट पाहत बसण्याचे परिणाम देशाच्या सर्वोच्च लीगने भोगले आहेत. अनिकेत जाधवसारखा 17 वर्षांखालील विश्वचषक खेळलेला खेळाडू देणाऱ्या शहराच्या खेळाला तेवढे मोल नक्कीच आहे.

गावातील प्रेक्षकाचे काय?

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात असलेल्या ताडकळसहून कोल्हापूरही लांब आणि गोव्यातील फातोर्डाही. मैदानावर जाऊन सामना पाहणे इथल्या मुलासाठी जवळपास अशक्यच, त्यामुळे मोबाइलवरचे प्रक्षेपण हे त्याच्यासाठी मैदानाला पर्याय नाही, तेच मैदान आहे. त्याच्याकडे दिवसाला दीड-दोन जीबीचा डेटा असतो आणि चांगल्या चित्रदर्जात पाहिलेला एक सामना तो जवळजवळ संपवतो. म्हणजे सामना ‘मोफत’ असला तरी त्याची किंमत तो रिचार्जमधून मोजतोच. वर लीगची वर्गणी, युरोपातील सामन्यांसाठी दुसरे ॲप, क्रिकेटसाठी तिसरे. घरात एकच स्मार्टफोन असेल तर हा हिशेब तिथेच थांबतो.

राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या स्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे 2007 च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे अशा काही स्पर्धा डीडी फ्री डिशच्या छत्रीवर वर्गणीविना दिसतात. लीगने थेट विक्री करावी, जरूर करावी. मात्र आठवड्यातील एक सामना तरी त्या छत्रीवर दाखवण्याची अट महासंघाने पुढच्या करारात घालायला हवी. ॲपची वर्गणी भरणारा उद्याचा प्रेक्षक तिथूनच येणार आहे.