नवी चिकटवही व तिच्या अटी

‘चिकटवही’ हा शब्द आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींस नवा वाटणार नाही. आगपेट्यांवरील छाप, वर्तमानपत्रांतील चित्रे, सहलीत सापडलेले एखादे पीस, पोस्टाची तिकिटे, असे नानाविध जिन्नस खळीने वहीत डकवावयाचे व त्यांखाली दोन ओळी लिहावयाच्या, हा छंद एके काळी पुष्कळ मुलांस असे. त्या वह्यांतील कितीतरी तिकिटे आमच्याच नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यातून निघालेली असत. १९२६ च्या पूर्वी हिंदुस्थानची तिकिटे लंडनहून छापून येत. त्या सालापासून ती येथे छापली जाऊ लागली.

ही वही आता संगणकाच्या पडद्यावर अवतरली आहे. तिला ‘डिजिटल स्क्रॅपबुक’ म्हणतात. बारा इंच लांब व तितकेच रुंद असे चौरस पान घ्यावयाचे, त्यावर रंगीत कागदाचा भास देणारी पार्श्वभूमी पसरावयाची, तीवर छायाचित्र, त्यावर फीत, बटण, पान, फूल असे एकावर एक थर रचावयाचे, व अखेर मजकूर लिहावयाचा. खळ नाही, कात्री नाही, आणि चूक झाल्यास पान फाडावे लागत नाही. पुढे पान छापून घ्यावयाचे असेल तर दर इंचास ३०० ठिपके धरतात. म्हणजे पानाच्या एकेका बाजूस ३६०० ठिपके भरतात.

या छंदाचे मर्म मात्र साधनांत नसून अटींत आहे. देशोदेशींचे हौशी लोक एकमेकांस नेमाने आव्हाने देतात. कोणी म्हणतो, या महिन्यात एकाच रंगाचे पान करा. कोणी चौकटींचा आराखडा देऊन तो आपापल्या चित्रांनी भरावयास सांगतो. कोणी एखादा शब्दच देतो, जसे ‘उंबरठा’ किंवा ‘पहिला पाऊस’. मे महिन्याचा पहिला शनिवार तर या छंदाचा सण मानला जातो, व त्या दिवशी अशा आव्हानांची नुसती रेलचेल असते. त्यांत बक्षीस बहुधा नाममात्रच. दिलेली अट दहा जणांनी दहा प्रकारांनी कशी पाळली, हे पाहण्यातच खरी मौज.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, अट घातली म्हणजे कल्पनेचा कोंडमारा होतो. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी निघते, तेव्हा ठिपके ठरलेले असतात, रेषा मात्र काढणारीच्या. जुन्या काळी पंडितांच्या सभेत श्लोकाचा एक चरण देऊन उरलेले रचावयास सांगत. त्या समस्यापूर्तीत कवीची खरी परीक्षा होई. ‘काहीही लिहा’ असे सांगितलेला विद्यार्थी पेन्सिल चावत बसतो, व ‘आपल्या घराच्या दारावर दहा ओळी लिहा’ असे सांगितलेला लिहू लागतो, हा अनुभव कोणत्याही शिक्षकास विचारावा. अट हे कुंपण खरे, पण वेलीला चढावयास कुंपणच लागते.

तथापि या नव्या वहीत एक दोष शिरू पाहत आहे. फुले, फिती व चौकटी यांचे तयार संच विकत मिळतात, व पुष्कळशी पाने त्यांनीच भरून जातात. चित्र सुरेख, मांडणी सुरेख; परंतु चित्रातील माणूस कोण, ते स्थळ कोणते, साल कोणते, याचा पत्ता नाही. वाखाणणी किती झाली यावरच ज्याची नजर, त्याला या उणिवेचे काही वाटत नाही, कारण आज पाहणारे त्या माणसाला ओळखतात. पण पन्नास वर्षांनी ते पान उघडणाऱ्यास फीत तेवढी दिसेल व माणूस हरवलेला असेल.

ही भीती पोकळ नाही. आमच्या गोदावरीचेच उदाहरण घ्या. पूर चढू लागला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या गुडघ्यास लागले, कमरेस लागले, की छातीवर गेले, यावरून पुराचे माप सांगतात. असे पुराचे छायाचित्र पुष्कळ घरी असेल. पण ते १९६९ सालचे, २००८ चे, की २०१९ चे? त्यावर साल लिहिलेले असेल तर तो शहराच्या इतिहासाचा पुरावा आहे. नसेल तर ते नुसते गढूळ पाणी आहे.

याउलट नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. त्यांत रंग नाही, नक्षी नाही. आलेल्या यात्रेकरूचे नाव, गाव, वाडवडील, भाऊबंद, एवढेच पिढ्यान्‌पिढ्या टिपलेले. तरीही दूरदूरची माणसे त्या वह्यांत आपल्या पणजोबाचे नाव शोधावयास येतात व ते सापडल्यावर गहिवरतात. छायाचित्रावाचूनही नाव जिवंत राहते. नावावाचून छायाचित्र मुके होते.

दुसरे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस अधिक जवळचे वाटेल. एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकन मुले नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रयास ठेवीत, व तेथे त्यांस लिहिणे-वाचणे व हस्तोद्योग शिकवीत. त्यांपैकी जेकब वेनराइट हा पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस गेलेल्या तुकडीत होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन अरण्यातील एका खेड्यात वारले. तेव्हा जेकबने तेथील झाडाच्या खोडावर मृताचे नाव, तारीख व काही सोबत्यांची नावे कोरली. सोबत्यांनी तो देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. जेकब त्याबरोबर इंग्लंडपर्यंत गेला, व १८७४ साली वेस्टमिन्स्टर अॅबीतील अंत्यविधीस हजर राहिला. त्याने लिहिलेली रोजनिशीही उपलब्ध आहे. शरणपुरात वाढलेल्या इतर कित्येक मुलांची नावेसुद्धा आज आपणांस ठाऊक नाहीत. जेकब आपणांस ठाऊक आहे, याचे एक मोठे कारण हे की त्याने लिहून ठेवले.

योगायोग असा की, त्याच १८७३ साली अमेरिकेत मार्क ट्वेन या विनोदी लेखकाने, ज्या वहीच्या पानांस आधीच डिंक लावलेला असेल अशा चिकटवहीचे पेटंट मिळविले. डिंकाची सोय ही मोठी सोय खरी, व संगणकाने तर डिंकाचीही गरज उरू दिली नाही. पण झाडावर कोरलेली ती चार नावे अजून बोलतात, ती डिंकाच्या बळावर नव्हे. कोण, केव्हा व कोणाबरोबर, एवढे तिचे सांगणे. आणि चिकटवहीच्या प्रत्येक पानाने एवढे तरी सांगावे, असे आमचे म्हणणे आहे.

म्हणून आम्ही सुचवितो की, शाळेत दर महिन्यास एक आव्हान लावावे. आजीच्या हातची एक पाककृती, शक्य तर तिच्याच अक्षरात. आजोबांच्या कामाचे एखादे हत्यार, मग ते लोहाराचे असो की द्राक्षबागेतील कात्री असो. आपल्या आळीचे जुने नाव व ते का पडले. गोदेचा एक पूर. घरातील असे एक छायाचित्र, ज्यातील एकाही माणसाचे नाव आपणांस येत नाही. शेवटची अट सर्वांत अवघड व सर्वांत मोलाची आहे. कारण ती पाळावयास उठून कोणाला तरी विचारावे लागते. नियम एकच असावा: पानावर निदान पाच ओळी शुद्ध मराठीत, व त्यांत नाव, गाव, साल. गुण देताना निम्मे गुण या ओळींस द्यावेत, म्हणजे विकतच्या फुलांचा तोरा आपोआप उतरेल, व ज्याच्या घरी संगणक नाही त्यालाही कागद व खळ घेऊन बरोबरीने उतरता येईल.

पालक म्हणतील, मुले आधीच पडद्यापुढे बसलेली असतात, त्यांत ही भर कशाला? त्यांस आमचे उत्तर असे की, या पानाचे अर्धे काम पडद्यावर होतच नाही. ते माजघरात, आजीजवळ बसून, ‘ही कडेला उभी असलेली कोण?’ असे विचारून होते. राहिलेल्या अर्ध्या कामास महिन्यातून एक रविवार पुरे. मात्र दोन पथ्ये पाळावीत. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून घराबाहेर दाखवू नये. आणि तयार झालेले पान दोन ठिकाणी जतन करून एक प्रत कागदावर छापून घ्यावी, कारण यंत्र बिघडते व त्याबरोबर वर्षांची ठेव एका क्षणात जाते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरातील भ्रमणध्वनीत आज हजारो छायाचित्रे पडून असतील. ती जातील कोठे, ही चिंता नको. त्यांतील नावे सांगणारी माणसे मात्र कायमची राहणार नाहीत. येत्या सुट्टीत एकच जुने छायाचित्र घेऊन घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा व ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सजावट मागाहून केव्हाही करता येईल.