यंत्र ‘ई २४’ म्हणते, म्हणजे काय म्हणते?

२०२० सालच्या टाळेबंदीत कामाच्या बायका येईनाशा झाल्या, तेव्हा पुष्कळ घरांत भांडी घासण्याचे यंत्र आले आणि नंतर तिथेच राहिले. डिशवॉशर चालू आहे तोवर कोणाची काही तक्रार नसते. पण एखाद्या रात्री पाहुणे जेवून गेलेले असतात, यंत्र गच्च भरलेले असते आणि मध्येच ते अडून बसते. समोरच्या छोट्या चौकटीत इंग्रजी ‘ई’ आणि पुढे दोन आकडे! मग घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘‘तरी मी सांगत होते, आपल्या तेलकट भांड्यांना हे फॅड चालायचं नाही.’’ आणि दुसरे कोणी म्हणते, ‘‘कंपनीच्या माणसाला बोलवा.’’

तो माणूस येतो तिसऱ्या दिवशी. दहा मिनिटांत लिंबाची बी काढून हातावर ठेवतो आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन जातो. आमच्या बिल्डिंगमध्ये हे दोनदा झाले. पैशांचे एक असो, पण ज्या बाईला सकाळी डबे करून नोकरीवर पळायचे असते तिने तीन दिवस मोरीतला ढीग कसा उपसायचा?

खरे तर हे आकडे म्हणजे यंत्र मोडल्याची बातमी नव्हे. पाणी आत घ्यायचे, तापवायचे, फवारायचे आणि घाण पाणी बाहेर टाकायचे, एवढीच यंत्राची कामे. त्यातले कोणते अडले ते आकडा सांगतो. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, एकाच कंपनीत मॉडेलाप्रमाणेही बदलते. म्हणून आधी पुस्तिका काढा. ती बहुधा ‘यांच्या’ फायलीत, टीव्हीच्या गॅरंटी कार्डाशेजारी असते. यंत्र स्वयंपाकघरात आणि पुस्तिका कपाटात, हे काही बरोबर नाही बाई! खुणांचे पान झेरॉक्स करून ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाका.

आता पहिली गोष्ट. यंत्र बंद करा, प्लग काढा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा लावा. वीज कमीजास्त झाली तरी कधीकधी यंत्र बावचळते. तीच खूण परत आली तर मात्र कारण शोधायचे.

सगळ्यांत जास्त वेळा अडते ते पाणी बाहेर टाकणे. बॉशच्या बऱ्याच मॉडेलांवर ‘ई २४’ किंवा ‘ई २५’, एलजीच्या यंत्रावर ‘ओई’ दिसते ते यासाठीच. दार उघडले की तळाशी काळपट पाणी साचलेले दिसते. प्लग काढून खालचा ट्रे बाहेर घ्या, जुन्या वाटीने आणि स्पंजने पाणी उपसा. मग तळातली गोल गाळणी फिरवून वर उचला. आत काय सापडेल विचारू नका! कढीपत्ता, मोहरी, भाताची शिते, टूथपिक, आणि या सगळ्यावर तुपाचा पिवळा थर. जुन्या टूथब्रशने आणि गरम पाण्याने गाळणी धुवा. तारेची घासणी लावू नका, जाळी फाटते.

गाळणी स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर त्या खड्ड्यातच पंपाचे छोटे झाकण असते. काही मॉडेलांत ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघते, तसे पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. आत बोटाएवढा पंखा असतो, तो फिरतो का पाहा. बी, काडी, काचेचा तुकडा अडकला की तो थांबतो. फुटलेल्या ग्लासाची काच तिथे हमखास असते, तेव्हा रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात घालू नका. झाकण परत बसवताना ‘टक्’ आवाज यायला हवा. ते नीट बसले नाही तरी ‘ई २५’ येतोच.

इतके करूनही तेच, तर सिंकखाली वाका. यंत्राची नळी कोणी डबे सरकवताना दुमडली आहे का? सिंकच्या पाइपाला ती जिथे जोडली आहे तिथे खरकटे तुंबले आहे का? यंत्र नवे असेल आणि पहिल्याच दिवशी ही खूण आली असेल, तर जोडाच्या तोंडाशी आतून असलेला प्लास्टिकचा पडदा प्लंबरने कापलाच नसेल. हेही होते!

पाणी आत न येण्याची खूण वेगळी. बॉशवर ‘ई १८’, एलजीवर ‘आयई’. नळ उघडा आहे ना? टाकी धुतल्यानंतर गाळ येऊन नळीच्या तोंडाची बारीक जाळी बुजते, ती काढून धुवा. मात्र नळीच्या टोकाला प्लास्टिकची जाड डबी असेल तर ती पाण्यात बुडवू नका, तिच्यात विजेवर चालणारी झडप असते.

सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. अनेक यंत्रांना पाण्याचा किमान अर्धा बार दाब लागतो. दहा मीटर उंचीवरचे पाणी साधारण एक बार दाब देते, म्हणजे अर्ध्या बारासाठी टाकी पाच मीटर तरी वर हवी. तुमच्या डोक्यावरच गच्ची आणि गच्चीवर टाकी, तर उंची भरते दोन-तीन मीटर. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे यंत्र छान चालते आणि तुमचे अडते, यात यंत्राचा दोष नाही. दाब वाढवणारा छोटा पंप बसवावा लागेल. यंत्र घेण्यापूर्वीच हे दुकानदाराला विचारावे, तो आपण होऊन सांगत नाही.

‘ई १५’ ही बॉशची खूण मात्र गंभीर धरा. यंत्राच्या बुडाशी पाणी सांडले आहे असा तिचा अर्थ. अशा वेळी पंप घुर्र घुर्र करत थांबतच नाही. आधी नळ बंद, मग कोरड्या हाताने प्लग काढा. घरात कोणी यंत्रासाठीची पावडर संपली म्हणून हाताने भांडी घासायचे लिक्विड ओतले का, ते विचारा. त्या साबणाचा फेस मावेनासा होऊन बुडात उतरतो. नव्या कामवाल्या बाईंना हे पहिल्या दिवशीच दाखवून ठेवा, रागावण्यापेक्षा ते बरे. फेसाचे कारण नसेल तर कुठेतरी गळती आहे. यंत्र तिरके करून पाणी काढले की खूण जाते म्हणतात, आणि जातेही, पण गळती तशीच राहते. शिवाय ते धूड एकटीने कलंडवायचे नाही.

पाणी तापत नसल्याची खूण, जळका वास किंवा बटणाला हात लावताच झिणझिणी, यांत आपण पडायचे नाही. सरळ मेकॅनिक. फोन करताना दाराच्या कडेवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर, आलेली खूण, यंत्र सुरू होऊन किती वेळाने थांबले आणि तुम्ही काय काय साफ केले, हे कागदावर लिहून ठेवा. ‘‘गाळणी आणि पंप पाहिला, नळी सरळ आहे,’’ एवढे सांगितलेत की लागणारा भाग घेऊनच यायला त्याला सांगता येते.