नातवाचे बूट आणि जांभ्यावरचे शेवाळ

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसलो आहे. विषय बूट. हसू नका, पुढे वाचा.

मे महिन्यात नातू पुण्याहून आला होता. तो डोंगरात धावतो. (आमच्या वेळी डोंगरात माणसे गुरांमागे धावत, आता हौसेने धावतात. असो.) जाताना त्याने आपले जुने बूट इथेच ठेवले. "आबा, मी नवीन घेतलेत. हे तुम्हाला होतील बघा. ट्रेल रनिंगचे आहेत, एकदम हलके." मी म्हणालो, "अरे, चौऱ्याहत्तरावे चालू आहे मला, मी कुठे धावणार?" तर म्हणतो, "धावू नका ना, चाला." आठवडाभर ते बूट जिन्याखाली पडून होते. मग एका दुपारी, घरात कोणी नाही असे बघून, मी पायात घातले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती वजनाची. हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर कागद घालून एक बूट ठेवला. २६५ ग्रॅम. मग सत्तरीला मुलाने मोठ्या प्रेमाने घेऊन दिलेला, गादीसारखा जाड तळाचा बूट ठेवला. ४१० ग्रॅम. फरक १४५. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण जन्मभर मुलांकडून गणिते सोडवून घेणाऱ्यांच्या खोलीत बसलो आहे, त्यामुळे कागद घेतलाच. एक किलोमीटर चालायला माझी साधारण चौदाशे पावले पडतात, म्हणजे एकेक पाय सातशे वेळा उचलावा लागतो. १४५ गुणिले ७०० म्हणजे लाखभर ग्रॅम. दर किलोमीटरला प्रत्येक पायाने एक क्विंटल जादा उचलायचे! धावणाऱ्यांच्या बाबतीत तर हे मोजलेलेही आहे: पायावर शंभर ग्रॅम वाढले की श्रम सुमारे एक टक्क्याने वाढतात. तरुणाला एक टक्का म्हणजे काही नाही. माझ्यासारख्याला तोच एक टक्का संध्याकाळी पाऊल नीट उचलले जाते की ठेच लागते, हे ठरवतो.

आता मूळ मुद्दा, ग्रिपचा. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२००७ च्या जुलैत शाळेची मुले घेऊन पन्हाळगड ते पावनखिंड निघालो होतो. १६६० साली महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून राजदिंडीने निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली, त्या वाटेने दर जुलैत शेकडो लोक चालतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पन्नासेक किलोमीटरची चाल. इतिहास शिकवणाऱ्याने ती पायांनी वाचलीच पाहिजे, असे माझे मत होते, अजूनही आहे. तर म्हाळुंगे ओलांडून मसाईच्या पठारावर आलो. धुके इतके की पुढच्या मुलाची फक्त टोपी दिसावी. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, तळ झिजून गुळगुळीत झालेले. जांभ्याच्या एका उतरत्या पाटावर पाय ठेवला आणि आभाळ दिसले. मनगट मोडले. मुलांनी मला हाताला धरून परत उतरवले. हात सहा आठवड्यांत जुळला, पण त्यानंतर त्या वाटेला मी गेलो नाही. लोकांना सांगायचो, वेळ मिळत नाही. खरे कारण भीती होते, ते आज इथे लिहितो आहे.

म्हणून हे नवे बूट मी जरा कडक परीक्षकाच्या नजरेने तपासले. जून ते ऑगस्ट, तीन महिने.

सुरुवात घराजवळच्या शेताच्या बांधावर, तांबड्या चिखलात. इथे ते पैकीच्या पैकी. तळाला रबराचे चारपाच मिलिमीटर उंचीचे दात आहेत आणि दातांमध्ये मोकळी जागा सोडली आहे. दात चिखलात रुततात आणि पाय उचलला की चिखल गळून पडतो. दात जवळजवळ असते तर चिखल भरून तळाची भाकरी झाली असती. माझ्या जाड बुटाची झालीच. दोन्ही पायांत दोन वेगळे बूट घालून बांधावरून चाललो, तेव्हा पलीकडून जाणारा शेतकरी थांबून बघत होता. "काय ओ सर, चुकून घातला व्हय?" म्हणाला.

मग पठारावरचा जांभा. ह्या दगडाला भोके असतात, खरखरीत असतो, त्यामुळे ओला असला तरी धरतो. पण इथे एक गंमत कळली. चिखलात उपयोगी पडणारे दात दगडावर फारसे कामाचे नसतात, कारण दगडाला फक्त दातांची टोकेच टेकतात. दगडावर काम करते ते रबर. ते मऊ आणि चिकट असेल तर दगडाच्या खाचाखोचांत बसते, कडक असेल तर घसरते. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे आम्ही शाळेत पाठ केलेले, पण रबर ते पुस्तक वाचत नाही! तेव्हा दुकानात तळाचे मोठमोठे दात दाखवून "ग्रिप लई भारी" असे कोणी सांगितले तर भुलू नका. दाताला अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. नख थोडे रुतले पाहिजे. (मऊ रबर लवकर झिजते हेही खरे. हे बूट घालून रोज डांबरी रस्त्यावर भाजी आणायला गेलात तर काही महिन्यांत दात जातील आणि दोष बुटाला द्याल.)

तिसरी परीक्षा जोतिबाच्या डोंगरावर, पायांनी झिजून आरशासारख्या झालेल्या काळ्या दगडी पायऱ्यांवर, भुरभुर पावसात. इथे जेमतेम पास. पाय सपाट, सगळा तळ टेकवून ठेवला तर धरतात. टाच आधी टेकवली की सरकतात.

आणि चौथी आमच्या परसात. शहाबादी फरशी, श्रावणातले हिरवे शेवाळ. इथे साफ नापास. अगदी पूर्ण नापास. मी कपड्याच्या दोरीचा खांब धरूनच उभा होतो म्हणून बरे. शेवाळावर कोणताही बूट चालत नाही, त्यावर खराटा आणि चुन्याची पूड हेच चालते. हे मी इतके स्पष्ट लिहितो आहे, कारण ह्या बुटांच्या परीक्षणांत असे वाक्य मला आढळले नाही. नातवाने मला चारसहा दाखवली. लिहिणारे बहुतेक कोरड्या, मुरमाड, धुळीच्या वाटांवर धावणारे. त्यांचे खोटे आहे असे नाही, पण त्यांचा दगड वेगळा आणि त्यांचा पाऊसही वेगळा. गगनबावड्याच्या पावसात त्यांनी एक जुलै काढावा आणि मग लिहावे.

वॉटरप्रूफ बुटांचेही तसेच. ते दवात, थंडीत ठीक. आपल्याकडे पाणी खालून येत नाही, वरून घोट्यातून आत शिरते, आणि एकदा शिरले की बाहेर पडायला वाट नाही. पाय दिवसभर बादलीत! हे साधे जाळीचे बूट ओढ्यातून गेले की वीसपंचवीस पावलांत पाणी सोडून देतात. कोल्हापूरकराने वॉटरप्रूफसाठी जादा पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुखाचे म्हणाल तर माझी एक तक्रार आहे, आणि ती बुटाइतकीच माझ्या पायाची. जन्मभर पायताण वापरलेला माणूस मी. अंगठ्याशेजारची बोटे मोकळी, पाय पुढून फावड्यासारखा पसरलेला. हे बूट पुढून निमुळते. करंगळीला दोन दिवसांत फोड आला. शेवटी फितीची पुढची दोन भोके मोकळी सोडली आणि घोट्याजवळची शेवटची भोके घट्ट बांधली, तेव्हा टाचही हलेना आणि बोटांनाही जागा मिळाली. उतारावर बोटे पुढे आपटून नखे काळी होतात, म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा हवीच. बूट घ्यायला सकाळी जाऊ नये, संध्याकाळी जावे, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. हे मला एका चप्पल करणाऱ्या जुन्या कारागिराने फार पूर्वी सांगितले होते, ते बुटालाही लागू आहे.

कोल्हापुरी चपलेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे खवळलो, मीही खवळलो. पण त्याच अभिमानाने ती घालून पावसात गड चढायला निघू नये. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले ते कातडे उन्हाळ्यासाठी आहे. भिजले की साबणासारखे होते. आमच्या आज्जी तर मिरगाच्या आधीच चपला माळ्यावर टाकत.

"आमच्या वेळी अनवाणी चालायचो, काय झालं आम्हाला?" असे म्हणणारे माझ्याच वयाचे बरेच मित्र आहेत. त्यांचे अर्धे खरे आहे. दोराबजी टाटांनी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला आपली माणसे गेली. बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये तिथे एकोणिसावे आले. २०१४ साली बारामतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी. पण चौगुले काय किंवा लताबाई काय, त्यांच्याकडे बूट नव्हते म्हणून ते मोठे नाहीत. नसतानाही धावले म्हणून मोठे. नसण्याचे कौतुक करू नये.

उलट्या बाजूचीही एक हकीकत आहे. १९३५ साली इटलीतल्या डोंगरात वादळात सापडून सहा गिर्यारोहक गेले. पायांतले बूट त्या थंडीला आणि बर्फाला पुरेसे नव्हते. त्यांचा सोबती व्हिताले ब्रामानी ह्याने ते मनाला लावून घेतले आणि १९३७ मध्ये दात असलेला रबरी तळ काढला. व्हिब्राम ते हेच. म्हणजे ज्या तळाला आज आपण तरुणांची चैन म्हणतो तो माणसे मेल्यावर सुचलेला आहे.

माझे खरे भांडण इथेच आहे. नातवाच्या पिढीला हलके, पकड असलेले बूट आणि आम्हाला? घरोघरी बघा. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून मुले जाड, मऊ, गुबगुबीत बूट आणतात. दुकानात दोन पावले टाकली की ढगावर चालल्यासारखे वाटते. पण त्या ढगामुळे खालचा दगड पायाला कळतच नाही. म्हाताऱ्या माणसांच्या तोलावर जे अभ्यास झाले त्यांतही पातळ आणि टणक तळाचे बूट घातल्यावर तोल जास्त चांगला राहतो असे आढळले आहे. तरुण घसरला तर कपडे झटकून उठतो. आमच्यातला कोणी घसरला की खुब्याचे हाड, मग पलंग, आणि पुढचे मी लिहीत नाही, आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी आहे. मग पकड जास्त कोणाला हवी? मुलाने प्रेमाने दिलेले बूट मी वाईट म्हणतो म्हणून त्याने रागावू नये. (तो हे वाचतो हे मला माहीत आहे.) ते मी बँकेत जायला घालतो.

किमतीबद्दल मात्र नातवाशी माझे जमले नाही. बारापंधरा हजारांचे बूट आमच्यासारख्याने घेऊ नयेत. तीनचार हजारांतही पकड मिळते, आणि ट्रेकवाल्यांचे लाडके हंटर त्याहून स्वस्त, फक्त जड.

तर यंदाच्या जुलैत मी गेलो. पावनखिंडीपर्यंत नाही. राजदिंडीतून उतरून मसाई पठारापर्यंत, आणि मंडळींना पुढे पाठवून तिथूनच परत. हातात काठी होती. तो जांभ्याचा पाट मी ओळखला की नाही सांगता येत नाही, धुक्यात सगळे पाट सारखेच. पण एका तसल्याच उतारावर थांबलो, पाय सपाट टेकवला, आणि बुटाने धरले. एक धनगर बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रबरी चपलांत शेजारून सरळ उतरून गेल्या, तेव्हा फार फुशारकी मारण्यासारखे उरले नाही :-)

घरी आलो तर ही दारातच. माझ्या तोंडाकडे नव्हे, आधी बुटांकडे बघितले. चिखल कोणी धुवायचा, अशी नेहमीची सुरुवात झाली. मग बूट हातात घेऊन उलटा केला, दातांवरून बोट फिरवले. गेल्या वर्षी तुळशीपाशी तीही घसरली होती, हे मी तुम्हाला सांगितले नव्हते.

"अहो," म्हणाली, "ह्यात पाच नंबर मिळतो का?"