सराव नौकांचा की नौसैनिकांचा?

बहुराष्ट्रीय नौदल सरावाची बातमी आली की तिच्यासोबत एक ठरावीक छायाचित्रही येते. निरनिराळ्या देशांच्या युद्धनौका एका रांगेत चाललेल्या असतात, मध्यभागी एखादी विमानवाहू नौका असते आणि वर हेलिकॉप्टरे घिरट्या घालीत असतात. खालच्या मजकुरात नौकांची नावे, विमानांचे प्रकार आणि परस्परविश्वास दृढ झाल्याची सेनाधिकाऱ्यांची निवेदने असतात. या साऱ्या वैभवात नौसैनिक मात्र डेकवरील एका पांढऱ्या ठिपक्याएवढाच उरतो.

या सरावांविषयी आपल्याकडे जो वाद होतो त्यातही या ठिपक्याला स्थान नसते. एका पक्षाच्या मते असे सराव म्हणजे लष्करी गटबाजीत मागील दाराने केलेला प्रवेश होय. दुसऱ्या पक्षाच्या मते ती वाढत्या राष्ट्रीय प्रतिष्ठेची पावती होय. दोन्ही पक्षांचे लक्ष नौकांवरील ध्वजांकडे असते. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला मात्र तिसराच प्रश्न पडावयास हवा. एवढा खर्च करून राष्ट्राच्या पदरी नेमके काय पडते, आणि जे पडते ते आपण टिकवून ठेवतो काय?

प्रथम थोडा इतिहास पाहू. भारत आणि अमेरिका यांच्यातील 'मलबार' सराव १९९२ मध्ये सुरू झाला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तो खंडित झाला आणि २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. २००७ च्या सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात जपान, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर यांनाही त्यात सामील करून घेण्यात आले, तेव्हा डाव्या पक्षांनी कोलकाता आणि चेन्नई येथून विशाखापट्टणमपर्यंत निषेधाचे जथे काढले होते. पुढे २०१५ मध्ये जपान त्याचा कायम भागीदार झाला आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया परत आला. दरम्यान १९९५ मध्ये अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे चार शेजारी देशांच्या नौदलांना बोलावून सुरू केलेला 'मिलन' हा उपक्रम वाढत वाढत २०२४ मध्ये विशाखापट्टणम येथे पन्नासच्या आसपास देशांचा मेळावा झाला. ब्रिटनबरोबरच्या सरावाला तर आपल्याच किनारपट्टीचे, 'कोकण' हे नाव आहे. हवाई बेटांभोवती होणाऱ्या 'रिमपॅक' सरावात २०२४ साली एकोणतीस देशांचे पंचवीस हजारांहून अधिक सैनिक होते आणि आपली 'शिवालिक' ही नौका निम्मे जग ओलांडून तेथे गेली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा सरावात भाग घेणे म्हणजे कोणाच्या गोटात जाणे नव्हे. २०१४ आणि २०१६ च्या 'रिमपॅक'मध्ये चीनच्या नौकाही होत्या. २०१८ मध्ये अमेरिकेने ते निमंत्रण मागे घेतले. सोमाली चाच्यांच्या उपद्रवाच्या काळात, २०१२ पासून, भारत, चीन आणि जपान या तिन्ही देशांच्या नौदलांनी एडनच्या आखातातील आपल्या संरक्षक तांड्यांची वेळापत्रके एकमेकांशी जुळवून घेतली होती. या तिघांत कोणताही लष्करी करार नव्हता. होती ती समुद्रावरील कामाची समान भाषा आणि एकमेकांचे इशारे समजण्याची पात्रता. ही पात्रता कराराच्या कागदावर सही केल्याने येत नाही. ती माणसांना कमवावी लागते.

ती कशी कमावली जाते हे पाहिले म्हणजे नौसैनिकाचे महत्त्व उमगते. सरावाचे साधारणपणे दोन टप्पे असतात. पहिला बंदरातील. त्यात एकमेकांच्या नौकांना भेटी, तांत्रिक चर्चा आणि हो, व्हॉलीबॉलचे सामनेही असतात. दुसरा टप्पा भरसमुद्रातील. त्यात लक्ष्यावर गोळीबार, पाणबुडीचा शोध, एका देशाच्या हेलिकॉप्टरने दुसऱ्या देशाच्या डेकवर उतरणे, संशयित जहाजावर चढून झडती घेणे, असे कार्यक्रम असतात. यांपैकी चालत्या नौकेत इंधन भरण्याचेच उदाहरण घ्या. दोन अवजड नौका पन्नासएक मीटरचे अंतर राखून, एकाच वेगाने, समांतर चालत असतात. प्रथम एक बारीक दोर पलीकडे फेकला जातो, त्यामागून जाड दोर आणि अखेरीस तेलाची नळी जाते. दोन्ही नौकांमधले पाणी त्यांना एकमेकींकडे खेचत असते. सुकाणूवरच्या माणसाचा हात किंचित चुकला तरी अनर्थ ओढवतो. त्यात पलीकडच्या नौकेवरील माणसांची भाषा वेगळी, हाताच्या खुणा वेगळ्या, सवयी वेगळ्या. दोर धरणारा, सुकाणू धरणारा, नळीचा दाब पाहणारा या साऱ्यांनी हे काम पुस्तकातून शिकावयाचे म्हटले तर ते शिकणे अशक्य आहे. सरावाहून परतलेली नौका झिजून आलेली असते. तिच्यावरचा माणूस मात्र अधिक मोलाचा होऊन आलेला असतो. सरावाचे खरे उत्पादन हा माणूस होय.

या उत्पादनाचा उपयोग कोणाला? अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह दाखविण्याची प्रथा फार जुनी आहे. दीपगृहाचा प्रकाश कोणत्या जहाजाने वर्गणी भरली हे पाहून पडत नाही. सुरक्षित सागरी मार्गाचेही तसेच आहे. भारताच्या परदेशी व्यापारापैकी आकारमानाने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याने ७० टक्क्यांच्या घरातील माल समुद्रमार्गे जातो. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा फार मोठा भाग बाहेरून जहाजांनी येतो. न्हावा-शेव्याला उतरणाऱ्या कंटेनरचे भाडे आणि विम्याचा हप्ता लाल समुद्रात काय घडते यावर अवलंबून असतो, आणि तो भार अखेर आपल्या किराणा दुकानातील बिलापर्यंत झिरपत येतो. हा मार्ग राखणे एकट्या राष्ट्राच्या आवाक्यातले नाही. म्हणून निरनिराळ्या देशांच्या नौसैनिकांना एकत्र काम करता आले पाहिजे.

ते आले म्हणजे काय होते याचे एक उदाहरण ताजे आहे. २६ जानेवारी २०२४ रोजी, आपण प्रजासत्ताक दिन साजरा करीत असताना, एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर हुथी बंडखोरांचे क्षेपणास्त्र आदळले. जहाजात नॅफ्था हा अतिज्वालाग्राही पदार्थ होता. कर्मचाऱ्यांपैकी बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी होता. भारतीय, अमेरिकन आणि फ्रेंच नौका मदतीस धावल्या. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'विशाखापट्टणम' या विनाशिकेवरील दहा नौसैनिकांचे अग्निशमन पथक त्या पेटत्या जहाजावर चढले आणि जहाजाच्या कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने सुमारे सहा तासांच्या झुंजीनंतर त्यांनी आग विझविली. याचे सारे श्रेय संयुक्त सरावांना देणे ही अतिशयोक्ती ठरेल. परंतु परक्या जहाजावर, परक्या नौदलांच्या सान्निध्यात, गोंधळ न होता काम करण्याची सवय या माणसांना आयत्या वेळी लागली नसती, हेही तितकेच खरे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. जगात सर्वाधिक संयुक्त सराव करणाऱ्या नौदल विभागांत अमेरिकेच्या सातव्या आरमाराची गणना होते. याच आरमाराच्या दोन विनाशिका २०१७ मध्ये, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने, व्यापारी जहाजांवर आदळल्या. जूनमध्ये 'फिट्झजेराल्ड'वरील सात आणि ऑगस्टमध्ये 'जॉन एस. मॅकेन'वरील दहा नौसैनिक प्राणांस मुकले. चौकशीत जे निघाले ते विचार करण्याजोगे होते. माणसे थकलेली होती, प्रशिक्षण अपुरे होते आणि 'मॅकेन'वर तर सुकाणूची नवी यंत्रणा हाताळणाऱ्यांना तिची पुरती ओळख नव्हती. त्या आधीच्या काळात खर्च वाचविण्यासाठी नौकांवरील माणसांची संख्या कमी करण्यात आली होती. जगातील सर्वांत श्रीमंत नौदलाकडे नौकांचा तुटवडा नव्हता, यंत्रांचा नव्हता. कमी पडला तो मुरलेला माणूस. पैशाने नौका विकत घेता येते. अनुभव मात्र वर्षे खर्चूनच मिळतो.

हा मुद्दा आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. पूर्वी आपल्याकडील सर्वसाधारण नौसैनिक पंधरा वर्षांच्या बोलीवर दाखल होत असे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या 'अग्निपथ' योजनेने ही मुदत चार वर्षांवर आणली. मूळ आराखड्यानुसार चार वर्षांनंतर फार तर पंचवीस टक्के अग्निवीर सेवेत राहावयाचे आणि बाकीच्यांनी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी परतावयाचे. ओडिशातील 'चिल्का' या प्रशिक्षण केंद्रातून पहिली नौदल तुकडी मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. तीत सुमारे २,६०० अग्निवीर होते आणि त्यांत पावणेतीनशेच्या घरात मुली होत्या. २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. सर्वसाधारण प्रशिक्षण कोठेही उपयोगी पडते. विशिष्ट प्रशिक्षण ज्या संस्थेत मिळाले तेथेच फळते. माणूस संस्था सोडून गेला की विशिष्ट प्रशिक्षणावर केलेला खर्च बुडीत खाती जातो. सोनारवरून पाणबुडीचा आवाज ओळखणे किंवा परक्या युद्धनौकेशी तांडा जुळविणे या कौशल्यांना नौदलाबाहेर बाजार नाही. चार वर्षांतील पहिले काही महिने मूलभूत शिक्षणात जातात, पुढचा काळ आपल्या विभागाचे काम अंगवळणी पडण्यात जातो. एखाद्या मोठ्या सरावात नौसैनिक खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. नेमक्या त्याच वेळी त्याला निरोप द्यावयाचा म्हणजे झाड फळावर आले असता ते उपटण्यासारखे आहे.

योजनेच्या समर्थकांची बाजू अगदीच लंगडी नाही. निवृत्तिवेतनाचा बोजा संरक्षण अंदाजपत्रकातून नव्या सामग्रीसाठी उरणारा पैसा खातो, हे कोणीही नाकारू शकत नाही. सैन्य तरुण असावे हाही रास्त विचार आहे. परंतु निवृत्तिवेतनाची बचत हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसते आणि बुडालेल्या कौशल्याची किंमत कोणत्याही वहीत दिसत नाही, म्हणून ती किंमत शून्य ठरत नाही. शिवाय डोंगरावर चढणाऱ्या पायदळाला तारुण्याची जी गरज असते ती इंजिनरूममधील तंत्रज्ञाला त्याच प्रमाणात नसते. तेथे पंचविशीतल्या उत्साहापेक्षा पस्तिशीतला जाणता कान मोलाचा असतो.

तेव्हा करावयास हवे ते असे. सेवेत ठेवावयाच्या अग्निवीरांचे प्रमाण तिन्ही दलांस एकाच मापाने न लावता शाखेनुसार ठरवावे, आणि नौदलाच्या तांत्रिक शाखांत ते पुष्कळच वाढवावे. दुसरे असे की, जे सेवेबाहेर पडतील त्यांच्या अंगी असलेले अग्निशमन, इंजिन, दळणवळण यांचे सर्वसाधारण कौशल्य वाया जाऊ नये. जगातील व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांत भारतीयांची संख्या फार मोठी आहे. नौवहन मंत्रालयाने जून २०२२ मध्येच अग्निवीरांना व्यापारी जहाजांवर प्रवेश देण्याचे मार्ग जाहीर केले होते. मात्र प्रमाणपत्र हाती असणे आणि जहाजावर जागा मिळणे यांत अंतर असते, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कोणताही खलाशी सांगू शकेल. म्हणून किती अग्निवीर खरोखर जहाजावर चढले याचा आकडा दरवर्षी संसदेपुढे ठेवला गेला पाहिजे. तिसरे, प्रत्येक नौसैनिकाने कोणत्या संयुक्त सरावात कोणते काम केले याची नोंद त्याच्या सेवापुस्तिकेत व्हावी आणि सेवेत कोणाला ठेवावयाचे हे ठरविताना तिला वजन असावे.

नौसैनिकाच्या भवितव्याची उपेक्षा केल्यास काय होते याचा धडा मुंबईने एकदा पाहिला आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये 'तलवार' या नौदल केंद्रावर जो उठाव सुरू झाला, त्याचे निमित्त निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक हे होते. त्यामागील स्वातंत्र्याच्या आकांक्षेची आठवण आपण रास्तपणे ठेवतो. परंतु त्या नौसैनिकांच्या मागण्यांत सेवामुक्तीनंतरच्या रोजगाराचीही मागणी होती, याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. आज परिस्थिती सर्वस्वी वेगळी आहे. राज्य आपले आहे आणि नौदलही आपले आहे. म्हणूनच जबाबदारीही आपलीच आहे.

आमच्या महाविद्यालयातील बारावीचा एक विद्यार्थी नौदलाच्या भरतीचा अर्ज घेऊन सही मागावयास आला होता. कोळ्याच्या घरातला, समुद्राला न भिणारा मुलगा. जाता जाता त्याने विचारले, "सर, चार वर्षांनी पुढे काय?" मी त्याला धीर देणारे काहीबाही सांगितले. खरे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते देण्याचे काम शिक्षकाचे नव्हे, शासनाचे आहे. पुढच्या संयुक्त सरावाचे छायाचित्र वृत्तपत्रात येईल तेव्हा नौकांची रांग मोजून झाल्यावर वाचकांनी डेकवरचे ते पांढरे ठिपकेही जरा निरखून पाहावेत. त्यांपैकी किती जण त्यापुढच्या सरावालाही तेथे उभे असतील, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे.