ताबा सुटला? दोन पॉइंट!

बावीस वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय. एवढ्या काळात "चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने" हे वाक्य किती वेळा लिहिलं, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. कुर्डुवाडी रस्ता असो, सोलापूर रस्ता असो, रात्री फोन येतो, पोलीस ठाण्यातून माहिती घ्यायची, नावं-वयं बरोबर आहेत का बघायचं आणि हे वाक्य टाकून द्यायचं. कधी विचारच केला नाही की ताबा नेहमी "सुटतो" कसा? कुणी सोडत नाही. दाव्याची गाठ सैल होऊन जनावर सुटावं, तसा तो आपोआप सुटतो आणि चूक कुणाचीच नसते.

हे वाक्य माझ्या घशात अडकलं ते एका गेममुळे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पण पोस्ट पूर्ण वाचा.

पोरगं पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. मागच्या दिवाळीत घरी येताना सेकंडहँड स्टिअरिंग आणि पेडल घेऊन आलं. त्याचा जुना कॉम्प्युटर घरात होताच. टेबलाला स्टिअरिंग आवळलं आणि म्हणालं, "पप्पा, बसा. पण हे चौकातल्या गेम पार्लरसारखं नाही. इथं धडकलं की मोजतात."

गेमचं नाव आयरेसिंग. 2008 साली अमेरिकेत सुरू झालेला. तो काढणाऱ्या दोघांपैकी एक जॉन हेन्री, म्हणजे 'बोस्टन ग्लोब' या वर्तमानपत्राचा मालक. (आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला उगाच बरं वाटलं.) जगभरातली खरी माणसं एका वेळी एका ट्रॅकवर येतात. पैसे भरून खेळायचं आणि खऱ्या नावानं खेळायचं. 'किंग', 'बॉस', 'भाऊ' असलं काही चालत नाही. गाडीच्या वर तुमचं खरं नाव दिसतं.

नवीन माणसाला सगळ्यात खालचं लायसन्स मिळतं, रूकी. सोबत एक सेफ्टी रेटिंग, ते 2.50 पासून सुरू होतं. मग मोजणी चालू. ट्रॅक सोडून बाहेर गेलात, एक पॉइंट. गाडीवरचा ताबा सुटला, दोन पॉइंट. दुसऱ्याच्या गाडीला जोरात धडकलात, चार. पॉइंट जमत गेले की रेटिंग उतरतं. किती वळणं सुखरूप पार केली आणि त्यात किती चुका झाल्या, असा हिशोब असतो. रेटिंग चढलं तरच वरच्या लायसन्सचा दरवाजा उघडतो.

"ताबा सुटला" हे शब्द पडद्यावर इंग्रजीत बघितले आणि पुढे दोनचा आकडा दिसला, तेव्हा पोरगं म्हणालं, "पप्पा, तुमची बातमी!"

आता माझा पराक्रम सांगतो. 

तिसरा आठवडा. लाइम रॉक नावाचा ट्रॅक, अमेरिकेतल्या कनेटिकटमधला खराखुरा, गेममध्ये जसाच्या तसा घेतलेला. छोट्या माझ्दा गाड्यांची शर्यत. मी सहावा होतो. आमच्यासारख्यांसाठी सहावा म्हणजे निवडून आल्यासारखंच. सरळ पट्टा संपला की मोठं उजवं वळण येतं. एक गाडी माझ्या आतल्या बाजूनं घुसली. मी वळलो. धाडकन आवाज, दोघंही बाहेर. तोंडातून अस्सल बार्शीची शिवी गेली. एवढ्यावर थांबलो नाही. चॅटमध्ये इंग्रजीत टाइप केलं, तुला लायसन्स कुणी दिलं? त्या माणसाचं उत्तर एका शब्दाचं होतं, "सॉरी."

पोरगं मागं उभं होतं. म्हणालं, "रिप्ले बघा. आता त्याच्या सीटवरून बघा."

या गेममध्ये झालेली शर्यत परत बघता येते आणि दुसऱ्याच्या गाडीत बसूनही बघता येते. माझ्या सीटवरून दिसत होतं की तो येऊन आदळला. त्याच्या सीटवरून वेगळंच दिसलं. वळण सुरू व्हायच्या आधीच त्याचं नाक माझ्या दाराच्या बरोबरीला आलेलं. ब्रेक वेळेवर लावलेला. माझ्यासाठी जागा सोडायची म्हणून त्यानं आतली दोन चाकं कडेच्या पट्टीवर चढवलेली. आणि मी, तिथं कुणी नाहीच असं समजून, गाडी आत ओढली.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, दोन्ही बाजू घेतल्याशिवाय बातमी करायची नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवतोय. स्वतःच्या बाबतीत अर्ध्या मिनिटात निकाल देऊन मोकळा झालो होतो. त्या माणसाला माफीचा मेसेज टाकला. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू.

आणि खरी मेख पुढे आहे. पॉइंट दोघांनाही चार-चार लागले. चूक माझी, तरी त्यालाही चार. चूक कुणाची हे मशीन बघतच नाही. धडक झाली की दोघांच्या खात्यावर चढते.

पहिल्यांदा हा सरळ अन्याय वाटतो. मलाही वाटला. आजही काही वेळा वाटतो. पण महिनाभर खेळल्यावर माझ्यात एक बदल झाला. आधी मी विचारायचो, "चूक कुणाची?" आता विचारतो, "मला टाळता आलं असतं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी "त्याची" असं येतं. दुसऱ्या प्रश्नानं माणूस शिकतो. पुढचा नवखा आहे, गाडी हलतेय, तर दोन वळणं थांबतो. माझा हक्क असला तरी थांबतो. मुद्दाम कुणी धडकवलं तर त्याचा इलाज आहेच. रिप्लेचा तुकडा लावून तक्रार करता येते, ती माणसं तपासतात आणि दोषी आढळला तर त्याला खेळायला बंदी येते. म्हणजे अपघाताचा हिशोब मशीनकडे आणि खोडसाळपणाचा निवाडा माणसाकडे. ही वाटणी मला पटली.

काही जण म्हणतील, अहो, गेम आहे, गेमसारखं खेळा. इथं कोण मरतंय?

तेच तर! कुणी मरत नाही म्हटल्यावर माणूस कसा वागतो, याचं उदाहरण सांगतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये खऱ्या शर्यती बंद होत्या, म्हणून खरे रेसर याच गेममध्ये उतरले. 2 मे 2020, इंडियानापोलिस. फॉर्म्युला वनचा लँडो नॉरिस जिंकायच्या बेतात. सिमॉं पाजनो, आदल्याच वर्षी खरी इंडियानापोलिस 500 जिंकलेला माणूस, त्याच्या पुढ्यात गाडी हळू करतो. धडक. नॉरिसची शर्यत गेली. पुढे शेवटच्या फेरीतही पुढच्या गाड्या एकमेकांवर आदळल्या. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास खरी गाडी चालवताना ही माणसं असं करतील का? तिथं पुढ्यात भिंत असते आणि आत हाडामासाचं शरीर असतं. म्हणजे कौशल्य असलं की शिस्त आपोआप येते, हा भ्रम आहे. परिणाम भोगावा लागणार नाही म्हटलं की मोठमोठ्यांचा ताबा "सुटतो".

त्याच महिन्यात दुसरा प्रकार झाला. फॉर्म्युला ईच्या ऑनलाइन शर्यतीत डॅनिएल अब्ट या ड्रायव्हरनं स्वतःच्या नावावर भलत्याच तरबेज खेळाडूला बसवलं. उघडकीला आलं. दहा हजार युरो दंड झाला आणि ऑडीनं त्याला संघातून निलंबित केलं. शर्यत खोटी होती, पण नाव खरं होतं. नावाची किंमत मोजावी लागली.

गावातली बरीच पोरं मोबाईलवर, पीएसवर रेसिंग खेळतात, हे मला माहीत आहे. लायसन्स-बिसन्स नसलेल्या खुल्या खोल्यांत काय चालतं तेही बघितलंय. वळण आलं की दुसऱ्याच्या गाडीलाच ब्रेक म्हणून वापरायचं! तुमच्यासाठी, मार खात खात शिकलेल्या चार गोष्टी:

1. पहिल्या वळणावर शर्यत जिंकत नाहीत, पण हमखास घालवतात. सगळे एकदम ब्रेक लावतात. तुम्ही रोजच्यापेक्षा आधी लावा.

2. आतून घुसायचं तर वळण सुरू व्हायच्या आधी बरोबरीला या. पुढचा वळायला लागल्यावर नाक खुपसलं तर ती धाडस नव्हे, घुसखोरी. आणि कुणी बरोबरीला आलाच असेल तर एका गाडीपुरती जागा सोडा. मी सोडली नव्हती.

3. वाट अडवायची असेल तर एकदाच बाजू बदला. मागचा डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे, असं नाचू नका. ब्रेक लावताना तर अजिबात नाही.

4. गाडी फिरली तर ब्रेक दाबून जागेवर थांबा. मागून येणाऱ्याला तुम्ही कुठं आहात ते कळू द्या. सगळे गेले की मगच ट्रॅकवर या. घाईनं परत आलेली गाडी सगळ्यात जास्त नुकसान करते.

ग्रॅन टुरिस्मो खेळत असाल तर 2017 च्या भागात ऑनलाइन शर्यतीआधी शिष्टाचाराचे दोन छोटे व्हिडिओ बघणं सक्तीचं होतं. तसे व्हिडिओ दिसले की पोरं पटकन पुढं ढकलतात. मीही ढकलले असते. व्हिडिओनं कुणी सुधारत नाही, हे माझं मत. माणूस सुधारतो ते त्याची चूक त्याच्या नावावर, लगेच आणि दरवेळी मोजली गेली की. आणि तीच चूक समोरच्याच्या सीटवरून बघायला मिळाली की.

आता स्वतःकडे बघतो. मोटारसायकलचं लायसन्स काढलं तेव्हा आठचा आकडा काढला आणि विषय संपला. त्यानंतर इतक्या वर्षांत मी किती वेळा चुकीच्या बाजूनं घुसलो, किती जणांना कचकन ब्रेक लावायला लागला, कुणी मोजलं नाही. मीही नाही. रस्ता म्हणजे गेम नाही, तिथं रिप्ले नाही आणि दुसरा डावही नाही. पण मनातल्या मनात पॉइंट मोजायला कुणी अडवलंय? गेले दोन महिने मोजतोय. बाजारातून घरी येईपर्यंत कधी चार होतात, कधी सहा. आकडा सांगायला बरा वाटत नाही, पण खरा आहे.

बातमीतही एक बदल केलाय. "ताबा सुटल्याने" हे वाक्य आता सवयीनं टाकत नाही. वेग किती होता, वळणावर फलक होता का, समोरून कोण येत होतं, हे विचारतो. जेवढं कळलं तेवढंच लिहितो. नाही कळलं तर "कारण समजू शकले नाही" असं लिहितो. वाक्य रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे.

लायसन्सचं विचाराल तर रूकीतून वर आलो. 'डी' झालोय. पोरगं म्हणतं, "पप्पा, स्पीड अजून नाही तुमच्यात." म्हटलं, असू दे. मागच्या रविवारी पूर्ण शर्यत शून्य पॉइंटवर काढली. अकरावा आलो. घरात पेढे वाटायचे बाकी होते.

आज घरी जाताना एकदा मोजून बघा. आकडा इथं नाही लिहिला तरी चालेल.