पैसे पाहण्याचे, उठवण्याचे नव्हे

दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय म्हणजे नुसती चढ-उताराची वाट. फाटकातून आत शिरलं की आजी-आजोबांचे गुडघे बोलू लागतात. सुमारे ७,००० फुटांवर १९५८ साली सुरू झालेली ही बाग हिमालयातल्या प्राण्यांची. त्यामुळे हत्ती-जिराफ शोधणारी मुलं आधी हिरमुसतात. मग फांदीवर पोट टेकून, झुपकेदार पट्टेरी शेपूट खाली सोडून पेंगणारा लाल पांडा दिसतो आणि भूकबिक सगळं विसरतात. इथल्या प्रजननकेंद्रात वाढलेले काही पांडा पुढं सिंगालीलाच्या जंगलात सोडले गेले, हे मुलांना आवर्जून सांगावं. हिमबिबट्या झोपलाय म्हणून शिट्ट्या मारणाऱ्या बाबांना मात्र एवढंच सांगावं: साहेब, तिकीट पाहण्याचं काढलंय, त्याला उठवण्याचं नाही!